तांबू, शेळ्या आणि गल्लीतली कुत्री : सोलापुरातलं एक प्रकरण

रेस्क्यू केलेलं कुत्रं घरी आणलेल्या लोकांकडनं मला सारखं एकच ऐकायला मिळतं, 'घरात एकदम गुणी आहे ओ, पण बाहेर दुसरं जनावर दिसलं की आवरत नाही.' तांबूच्या घरी पण हेच वाक्य होतं. त्याचं प्रकरण सविस्तर लिहितेय कारण यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसली, की दुसऱ्या जनावरावर धावून जाणं हे बाहेरनं एकसारखं दिसलं तरी आतली कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय ट्रेनिंगला सुरुवात केली तर सगळ्यांचा वेळ वाया जातो. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

पार्श्वभूमी

तांबू म्हणजे अंदाजे तीन वर्षांचा देशी नर, तांबूस रंगाचा, अंगानं शिडशिडीत. अक्कलकोट रोडला गाडीनं उडवलेला, मागचा डावा पाय मोडलेला, एका कार्यकर्तीनं उचलून उपचार केले, नसबंदी आणि रेबीजची लस झाली, कानाला नसबंदीची खूण आहे. बरं होईपर्यंत तो एका वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होता जिथं दुसरं कुठलंच जनावर नव्हतं, त्यामुळं तो इतर जनावरांशी कसा वागतो हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथनं पावसाळ्यात तो विजापूर रोडच्या बाजूच्या एका रो हाउसमध्ये आला. घरात रिटायर्ड शिक्षक असलेले सर, काकू, आजी आणि एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये ऑफिसचं काम बघणारी मुलगी, तिला ताई म्हणू. कुत्रं हवं होतं ताईला, फिरवायचं मात्र बहुतेक वेळा सरांनाच, कारण ताईची ड्यूटी.

आजूबाजूचा परिसर समजून घेतला पाहिजे. सोसायटीच्या मागं रिकामे प्लॉट, त्यावर वेडी बाभूळ माजलेली, आणि त्या प्लॉटांवर एक मामा रोज सकाळी नऊच्या सुमाराला शेळ्या घेऊन येणार, उन्हं उतरली की परत नेणार. बहुतेक काळ्या उस्मानाबादी, आपल्या भागात सगळीकडं दिसतात त्या. गल्लीच्या एका तोंडाला कुत्र्यांची एक टोळी, दुसऱ्या तोंडाला दुसरी. शेजारच्या घरचं मांजर यांच्या गच्चीवर ऊन खायला. म्हणजे घराबाहेर पाय टाकला की जनावर दिसणारच. परदेशातले ट्रेनिंगचे व्हिडिओ बघून लोक विचारतात की अंतर ठेवा म्हणतात, ते ठेवायचं कुठं? तिथं समोरचं कुत्रं लीशवर, म्हणजे हातात धरायच्या दोरीवर असतं आणि त्याचा मालक वळून जातो, इथं समोरची चार कुत्री स्वतःहून चालत तुमच्याकडं येतात.

अडचण

पहिले दोन-तीन आठवडे तांबू नुसता झोपून होता. सगळे म्हणाले काय शांत आहे. नवीन घरात आलेलं कुत्रं सुरुवातीला दबून असतं, खरा स्वभाव नंतर बाहेर येतो, हे रेस्क्यूमधल्या लोकांना पाठ असतं पण घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवसांत हौसेनं त्याला संभाजी तलावाकडं ने, पाहुण्यांना दाखव, दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख करून दे, हे सगळं चालू झालं.

महिनाभरानं गल्लीतल्या कुत्र्यांवर भुंकणं सुरू झालं. आधी जवळ आली की, मग लांबनं दिसली तरी, मग नुसता आवाज आला तरी. सर लीश आखडून धरायचे, 'ए गप' म्हणून ओरडायचे, त्यानं ते आणखी वाढलं. आणि दिवाळीच्या थोडं आधी तो प्रसंग घडला. सर त्याला घेऊन गेटबाहेर आले, तेवढ्यात कोपऱ्यावरची दोन कुत्री अंगावर आली, तांबू मागं सरकला, डोकं खाली घातलं आणि पट्टा कानांवरनं सटकन निघाला. कुत्र्यांना सोडून तो सरळ प्लॉटात घुसला आणि एका शेळीची मागची मांडी धरली. मामा काठी घेऊन धावले, 'धरा की ओ त्याला, धरा की' म्हणून ओरडत, ताई आतनं पळत आली, सोडवताना तिच्या हाताला दात लागला.

त्या दिवशी घरच्यांनी ज्या गोष्टी केल्या त्या फार बरोबर होत्या. ताईनं जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजचा कोर्स चालू केला. आपलंच लस झालेलं कुत्रं आहे म्हणून सोडून दिलं नाही, ते लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण लोक इथंच चुकतात. तांबूला पुढचे दहा दिवस घरातच ठेवून लक्ष ठेवलं. शेळीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, टाके पडले, तिला पण चावल्यानंतरच्या लसी द्याव्या लागल्या, तो सगळा खर्च आणि वर नुकसानभरपाई सरांनी मामांच्या घरी जाऊन दिली. शेळी गाभण होती, मामांचा जीव तिच्यात होता. सर हात जोडून म्हणाले, मामा चूक आमची आहे. त्यानं मामांचा राग लगेच गेला नाही, पण बोलणं बंद झालं नाही, आणि पुढं त्याचा फार उपयोग झाला.

सोसायटीत मात्र चर्चा सुरू झाली, कुत्रं हलवा. मला फोन आला तो याच आठवड्यात.

समोर असलेले पर्याय

आजींचं म्हणणं, गावाकडं शेतात सोडा, मोकळं राहील. हे आपल्याकडं सगळ्यात पटकन सुचणारं उत्तर आहे आणि तांबूसाठी सगळ्यात वाईट. मोहोळ घ्या, मंगळवेढा घ्या, कुठल्याही वस्तीवर शेळ्या, कोंबड्या, शेजाऱ्याची मेंढरं असणारच. शेळीमागं पळणाऱ्या कुत्र्याला तिथं सोडलं तर पहिल्याच आठवड्यात शेळी तरी मरते नाहीतर कुत्रं तरी. आजींना हे सांगितल्यावर त्या गप्प बसल्या, त्यांचं बालपण वस्तीवरच गेलेलं, त्यांनी असली कुत्री बघितली होती.

दुसरा, जिथनं आणलं तिथं परत रस्त्यावर सोडणं. नसबंदी केलेलं भटकं कुत्रं त्याच्याच जागी परत सोडायचं असं २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांत आहे, पण ते रस्त्यावरच राहणाऱ्या कुत्र्यांसाठी. कित्येक महिने घरात राहिलेलं, पाय अधू असलेलं कुत्रं परत सोडलं तर तिथली टोळी त्याला राहू देणार नाही. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा पण आहे.

तिसरा, कार्यकर्तीकडं परत देणं. हा खरा पर्याय होता आणि मी तो शेवटपर्यंत टेबलावर ठेवायला सांगितला. ज्या घराला झेपत नाही त्या घरानं कुत्रं परत दिलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तिच्याकडं तेव्हा आधीच पाच-सहा कुत्री होती, म्हणजे तांबूसाठी आगीतून फुफाट्यात.

चौथा, कुणीतरी सुचवलेला ट्रेनर, जो काट्यांचा पट्टा आणि शॉक देणारा पट्टा वापरतो आणि काही आठवड्यांत 'गॅरंटी' देतो. याला मी स्पष्ट नाही म्हटलं. कुत्र्याला दुसरं कुत्रं दिसल्यावर मानेला कळ बसत असेल तर तो त्या कळेचा संबंध समोरच्या कुत्र्याशी लावतो. भुंकणं काही दिवस थांबतं, भीती वाढते, आणि नंतर तो न भुंकता थेट चावतो. भुंकणं ही सूचना असते, ती मारून टाकायची नसते.

पाचवा, घरातच ठेवून व्यवस्था बदलणं आणि हळूहळू शिकवणं. यात घरच्या सगळ्यांचा रोजचा वेळ जाणार होता आणि शेवटी कुत्रं पूर्ण 'ठीक' होईल अशी खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. मी त्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगितलं. एका रात्रीचा विचार करून त्यांनी हाच निवडला, सरांनी एक अट घातली की परत एखाद्या जनावराला जखम झाली तर तिसरा पर्याय. मला ती अट योग्य वाटली.

सोसायटीचा विषय सरांनी स्वतः हाताळला. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला सरसकट कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी मीटिंगमध्ये तो मुद्दा पुढं केला नाही. जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली मालक जबाबदार असतो, ती जबाबदारी माझी, आणि मी काय काय करणार आहे ते हे बघा, असं त्यांनी लिहून दिलं. लोक शांत झाले.

आधी डॉक्टर

ट्रेनिंगच्या आधी तपासणी, यावर मी अडून बसले. अचानक वाढलेल्या चिडचिडीमागं दुखणं असतं असं कितीतरी वेळा निघतं, कान पिकलेला, दात किडलेला, सांधा धरलेला, गोचीड ताप. तांबूच्या एक्स-रेत दिसलं की मोडलेलं हाड वाकडं जुळलंय आणि वरच्या सांध्यावर ताण येतोय. घरच्यांना तो लंगडताना दिसला नव्हता, पण जिना उतरताना तो दोन्ही मागचे पाय एकदम टाकायचा, सशासारखा, ते ताईला नंतर आठवलं.

आता ज्या कुत्र्याचा मागचा पाय दुखतोय त्याला दुसरं कुत्रं पाठीमागनं हुंगायला आलं तर काय वाटेल? डॉक्टरांनी कुत्र्यांचं दुखण्यावरचं औषध दिलं, वजन थोडं कमी करायला सांगितलं, उड्या बंद. (घरातली माणसांची पेनकिलर, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलं काही कुत्र्याला अजिबात देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.) भीती कमी करणाऱ्या गोळ्यांचा पण विषय निघाला, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, डॉक्टर म्हणाले आधी दुखणं कमी करून बघू, मग ठरवू. पुढं त्यांची गरज पडली नाही, पण पडली असती तर द्यायला मी मागंपुढं बघितलं नसतं.

औषध चालू झाल्यावर पंधरा दिवसांत, काहीही न शिकवता, भुंकण्याचं प्रमाण कमी झालं. सर म्हणाले, म्हणजे इतके दिवस बिचारा दुखतंय म्हणून ओरडत होता.

दोन वेगळे प्रश्न

या काळात मी ताईला एकच काम दिलं होतं, गच्चीवरनं आणि गेटच्या आतनं मोबाइलवर व्हिडिओ काढायचे, तांबूचे, वेगवेगळी जनावरं दिसताना. ते आम्ही बसून हळू स्पीडला बघितले आणि तिथं सगळं उलगडलं.

कुत्री दिसली की तांबूचं वजन मागच्या पायांवर जायचं, शेपूट आत, मानेपासनं कंबरेपर्यंत केस उभे, जीभ नाकावर फिरायची, तोंड बाजूला वळवायचा, आणि एवढं करूनही समोरचं कुत्रं थांबलं नाही की मग भुंकायचा, भुंकत भुंकत एक पाऊल मागं. ही भीती. तो म्हणत होता लांब राहा.

शेळ्या दिसल्या की आवाजच नाही. मान खांद्याच्या रेषेत खाली, कान पुढं, डोळे एका शेळीवर, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ आणि स्थिर. शेळी उभी असेल तर तो पण थांबलेला, शेळी पळाली की सुटला. मांजराचं तसंच, झोपलेलं मांजर त्याला दिसायचं पण नाही, उडी मारली की झेप. ही पाठलागाची ओढ, यात भीतीही नाही आणि रागही नाही, कुत्र्याला हे करताना मजा येते, म्हणून ते जास्त अवघड. म्हशींना तो घाबरून वाट सोडायचा, तिथं काही करायचंच नव्हतं.

सर एवढे दिवस दोन्हीकडं एकच करत होते, लीश आखडणं आणि ओरडणं. कुत्र्यांच्या बाबतीत त्यानं भीती वाढत होती, शेळ्यांच्या बाबतीत त्याला ते ऐकूच जात नव्हतं.

काय काय केलं

सगळ्यात आधी सुटणं बंद केलं. छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, शिवाय ओढल्यावर थोडा आवळणारा पण गळा न दाबणारा मार्टिंगेल पट्टा, आणि एकाच लीशनं दोन्ही जोडलेले, म्हणजे एक सटकला तरी दुसरा राहतो. गेटला आतनं दुसरी कडी. गच्चीच्या कठड्याला जाळी, म्हणजे मांजर येऊ शकतं तिथं हा पोचू शकत नाही, मांजराचा प्रश्न तिथंच संपला.

मग मुसकं. हे ऐकल्यावर काकूंना रडू आलं, बैलाला घालतात तसं लेकराला घालायचं का म्हणाल्या. मी त्यांना टोपलीसारखं मुसकं दाखवलं, ज्यात कुत्रं तोंड पूर्ण उघडून धापा टाकू शकतं, पाणी पिऊ शकतं, खाऊ पण शकतं. दुकानात मिळतं ते कापडी, तोंड बंद करणारं, ते आपल्या हवेत फिरताना वापरणं धोक्याचं आहे, कुत्र्याला अंगातली उष्णता बाहेर टाकायला धापा टाकाव्याच लागतात आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, बेचाळीसच्या वर पारा जातो. शिकवलं काकूंनीच. दह्यात बिनमिठाचा, बिनतिखटाचा शेंगांचा कूट कालवून मुसक्याच्या आतनं लावायचा आणि हातात धरायचं, तो स्वतःहून तोंड घालून चाटणार, काढायचं तेव्हा काढू दे. बरेच दिवस बंद बांधलेच नाहीत. नंतर एक सेकंद, मग थोडं जास्त. शेवटी शेवटी काकूंनी मुसकं हातात घेतलं की तो शेपूट हलवत यायला लागला.

वेळापत्रकावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. शेळ्या टाळायच्या तर नऊच्या आधी. पहाटे पाचला कुत्र्यांच्या टोळ्या जाग्या आणि भांडणाच्या मूडमध्ये, रात्री दहानंतर तर विचारू नका. भर दुपारी कुत्री झोपलेली असतात, थंडीत ती वेळ छान चालली, पण मार्चनंतर डांबर इतकं तापतं की हाताचा तळवा पाच सेकंद टेकवता येत नाही, तिथं कुत्र्याचे पंजे भाजणार. सरांनी आठवडाभर वहीत लिहून काढलं, कुठली टोळी कुठल्या वेळी कुठं असते. त्यातनं सापडलं की सकाळी साडेसहा ते सात या वेळात दोन्ही टोळ्या खाऊन पसरलेल्या असतात, कारण सहाला एक काका बिस्किटं आणि भाकरी घालतात. फक्त ते घालायचे नेमकं यांच्या गेटसमोर. सर काकांकडं गेले, खायला घालू नका असं म्हटलं नाही, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी घाला म्हणाले, रोजच्या दोन भाकरी आमच्याकडनं. काकांनी ऐकलं. आठवड्याभरात कुत्र्यांची बसायची जागाच तिकडं सरकली. त्या टोळीतल्या ज्यांची नसबंदी आणि लस बाकी होती त्यांच्यासाठी महापालिकेकडं पाठपुरावा काकांनी आणि ताईनं मिळून केला.

कुत्र्यांच्या भीतीसाठी शिकवणं सरळ होतं. ज्या अंतरावर तांबू कुत्र्याकडं बघतो पण भुंकत नाही ते अंतर शोधायचं, सुरुवातीला ते जवळजवळ दोन प्लॉट एवढं होतं. कुत्रं दिसलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा, कुत्रं दिसेनासं झालं की कलेजी बंद. त्यानं काही करून दाखवायची गरज नाही, बसायचं नाही, हात द्यायचा नाही, फक्त कुत्रं दिसलं की भारी खाऊ येतो एवढं डोक्यात बसायला पाहिजे. काही आठवड्यांनी कुत्रं दिसलं की तो स्वतःच वळून ताईच्या तोंडाकडं बघायला लागला. याशिवाय 'चल मागं' म्हटलं की गर्रकन वळायचं, हे घरात, अंगणात खेळासारखं पक्कं केलं. पार्क केलेल्या गाड्यांची आड घ्यायची. आणि कुत्री अंगावर चालून आलीच तर पळायचं नाही, तांबूला पाठीमागं घेऊन सरांनी मध्ये उभं राहायचं आणि खिशातली मूठभर भाकरी त्यांच्या पलीकडं फेकायची. नव्वद टक्के वेळा ती खायला थांबतात.

टोळीतली एक म्हातारी कुत्री होती, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. ती काकांच्या मागं चालायची. काका रस्त्याच्या त्या बाजूनं, ताई आणि तांबू या बाजूनं, एकाच दिशेनं, असं चालायला सुरुवात केली. समोरासमोर भेट नाही, नाकाला नाक नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दोघं हातभर अंतरावरनं शांत चालत होते.

शेळ्यांसाठी हे सगळं पुरत नाही. एकदा नजर खिळली की कलेजी नाकासमोर धरली तरी त्याला दिसत नाही. त्यामुळं इथं काम नजर खिळायच्या आधी. मान खाली जायला लागली, कान पुढं आले, त्याच क्षणी 'चल मागं' आणि वळून दहा-बारा पावलं पळायचं, म्हणजे त्याला पळायची मजा आपल्याबरोबर मिळते. दुसरं, पाठलागाची ओढ कुठंतरी निघायला पाहिजे. ताईनं युनिटमधनं आणलेले सेकंडचे टॉवेल गाठी मारून काठीला बांधले, अंगणात ते जमिनीवरनं हलकं हलकं सरपटत न्यायचं, त्यानं दबा धरायचा, पकडायचं, ओढायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं, आणि परत. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, पायामुळं. हे रोज थोडा वेळ. शिवाय शेळ्या नसताना प्लॉटवर लांब दोरीला बांधून मनसोक्त हुंगू द्यायचं.

आणि एक निर्णय आम्ही कायमचा घेतला, की शेळ्यांच्या आसपास तांबू कधीच मोकळा सुटणार नाही, किती पण शिकला तरी. हे ऐकून ताईला वाईट वाटलं, तिचं स्वप्न होतं तो मोकळा पळतोय असं. पण जिवंत शेळीवर प्रयोग करायचा नसतो, मामांचं पोट त्यावर आहे.

मामांशी ठरलेलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात उपयोगी होतं. वेळ बदलून शेळ्या लवकर आणायच्या असतील तर मामा सरांना मिस्ड कॉल देतात.

गड्ड्याच्या दिवसांत

संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वर यात्रा, तिलाच गड्डा म्हणतात. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला घरचे सगळे जाणार, वर्षानुवर्षं जातात. मी विचारलं, शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी घरी कोण? सर थांबले. आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही मोठ्यानं, खिडकीला चादरी, डॉक्टरांनी आवाजाच्या भीतीसाठी लिहून दिलेलं औषध वेळेवर दिलं. तरी गल्लीतल्या पोरांचे फटाके होतेच, ते चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबू वरनं शांत दिसत होता म्हणून ताई नेहमीच्या वाटेनं निघाली आणि त्याच म्हातारीवर तो तुटून पडल्यासारखा भुंकला. सगळी मेहनत पाण्यात गेली असं तिला वाटलं. तसं नव्हतं, एकावर एक ताण साठला की कुत्र्याची सहन करायची ताकद कमी होते आणि ती परत यायला एक-दोन दिवस, कधी जास्त पण लागतात. आम्ही तीन दिवस फिरणं बंद ठेवलं, अंगणात शी-शू, बाकी वेळ घोंगडीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून हुंगायला द्यायचे. चौथ्या दिवसापासनं जुन्या, लांबच्या अंतरावरनं परत सुरू केलं आणि आठवड्यात गाडी रुळावर आली. यानंतर घरच्यांनी नियमच केला, लग्नाची वरात, घरी पाहुणे, डॉक्टरची फेरी, असं काही झालं की दुसऱ्या दिवशी अवघड वाट नाही.

आता कुठपर्यंत आलंय

तांबूला या घरात येऊन वर्ष होऊन गेलं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या समोरनं तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं बहुतेक दिवशी न भुंकता जातो, अनोळखी कुत्रं एकदम कोपऱ्यावर आलं तर अजून भुंकतो. म्हातारी त्यांच्या गेटपाशी झोपलेली असली तरी चालते.

शेळ्यांकडं तो अजून बघतो. एका प्लॉटच्या अंतरावरनं हाक मारली तर वळतो, त्याहून जवळ भरवसा नाही. उन्हाळ्यात सरांच्या घामेजल्या हातातनं लीश सुटली आणि तो थेट कळपात शिरला. तोंडात मुसकं होतं. शेळ्या उधळल्या, एका करडाला त्यानं नाकानं ढुसणी दिली, ते पडलं आणि उठून पळालं, कुणालाही ओरखडा नाही. मामांनीच लीश पकडून आणून दिली. सरांच्या अटीप्रमाणे जखम झाली नव्हती, पण त्या संध्याकाळी घरात पुन्हा चर्चा झाली, आणि लीश कमरेला बांधायची असं ठरलं. काकू त्या दिवसापासनं मुसक्याबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत, उलट शेजारणीला तेच घ्यायला सांगतात.

काय वेगळं करता आलं असतं

दत्तक देताना 'घरी कोण कोण असतं' एवढंच विचारलं जातं. घराबाहेर काय फिरतं, शेळ्या, कोंबड्या, डुकरं, मांजरं, हे विचारायला पाहिजे, आणि फॉस्टरमध्ये, म्हणजे दत्तक जाईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, असताना कुत्र्याला एक-दोनदा सुरक्षित अंतरावरनं शेळ्या दाखवून त्याचा व्हिडिओ नवीन घरी दिला पाहिजे. तांबूला हेच घर मिळालं असतं तरी पहिल्या दिवसापासनं दोन ठिकाणी जोडलेली लीश असती.

मोडलेल्या हाडाचा एक्स-रे जखम भरल्यावर परत काढायला हवा होता. रस्त्यावरच्या अपघातातनं वाचलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे सर्रास राहून जातं, कुत्रं चालायला लागलं की सगळ्यांना वाटतं झालं. पहिले काही आठवडे घर, अंगण आणि एक छोटी वाट एवढंच ठेवायचं होतं, तलाव आणि पाहुणे नंतर. मुसक्याची सवय तर प्रत्येक रेस्क्यू कुत्र्याला फॉस्टरमध्येच लावून द्यावी असं माझं ठाम मत आहे, उद्या पायाला लागलं तर डॉक्टरकडं न्यायला तरी लागतंच.

काकांशी आणि मामांशी बोलणं शेळीला चावायच्या आधी झालं असतं तर बरंच टळलं असतं. नवीन कुत्रं आणलं की आजूबाजूला ज्यांची जनावरं आहेत त्यांच्याकडं स्वतः जाऊन आलं पाहिजे, नंबर दिला पाहिजे.

सध्या ताईच्या डोक्यात दुसरं कुत्रं आणायचं आहे, तांबूला सोबत म्हणून, शक्यतो टोळीतलं एक लहान पिल्लू. मी नको म्हटलंय. त्याचा पाय दुखरा आहे, पिल्लू दिवसभर अंगावर उड्या मारणार, आणि पिल्लू पळालं की त्याच्यातली पाठलागाची ओढ घरातच जागी होणार. सर पण एकटे दोघांना सांभाळू शकणार नाहीत. फारच वाटलं तर त्या म्हातारीचा विचार करा, तिला आधी अंगणात येऊ दे, पावसाळा संपेपर्यंत बघू, असं आमचं बोलणं झालंय, आणि काका तिला द्यायला तयार होतील का हे ताई विचारणार आहे.